कसोटीचे पाणी

विद्येचे मोल कशाने करावे हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे उत्तर झटपट मिळावे ही हाव मात्र नवी. ज्या विद्येने तहानलेल्याची तहान भागवायची, तिचे मोजमाप त्या तहानलेल्याला विचारून व्हावे, इतकी ही साधी गोष्ट. पण विद्वानांनी एकमेकांना विचारूनच एकमेकांची थोरवी ठरवली आणि त्या थोरवीला एक आकडा चिकटवून दिला. आकडा खोटा असता तर कधीतरी पकडला गेला असता. तो खरा होता, अचूक होता. फक्त ज्या माणसासाठी हा सारा खटाटोप चालला होता त्याच्याविषयी त्यात काहीही नव्हते. यातून पुढे जो अन्याय घडला तो कोणा दुष्टाने केला नाही. सज्जनांनी, सारे नियम पाळून केला. म्हणूनच त्याची चीड अधिक यावी.

नागपूरच्या सूक्ष्मद्रव्य संशोधन संस्थेच्या मधल्या दालनात एक उंच काचपात्र होते. त्याला ‘मातृकुंभ’ म्हणत. त्यात दुधाळ, किंचित निळसर द्रव सतत ढवळला जात असे. केसाच्या जाडीत हजारोंनी मावतील इतके बारीक स्फटिक त्यात तरंगत असत. त्या स्फटिकांचे नाव ‘शोषमणी’, आणि ते घडवणाऱ्या विदुषी म्हणजे डॉ. मृण्मयी काळमेघ. संस्थेत लहानथोर सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत.

ज्या गावांच्या विहिरींत आणि कूपनलिकांत फ्लोराइड उतरते तिथल्या मुलांच्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे आणि मग तपकिरी डाग पडतात. पुढे हाडे ताठतात, तरुण माणूस म्हाताऱ्यासारखा वाकून चालतो. बाईंच्या मण्याच्या अंगावर असंख्य छिद्रे होती. फ्लोराइड त्यांत नेमके बसे आणि पाणी गोड होऊन बाहेर पडे. देशोदेशी या मण्यांची गाळणी बसली. पुढे त्याच मण्यापासून ‘जलसाक्षी’ नावाचे मापकयंत्र निघाले. छिद्रात फ्लोराइड शिरले की मण्याची विद्युत्वाहकता बदलते. तो बदल मोजून पाण्यात फ्लोराइड किती आहे ते यंत्र सांगे. ते इतके स्वस्त आणि चपळ होते की फ्लोराइड मोजण्याच्या बाकी साऱ्या पद्धती आपोआप मागे पडल्या, आणि शिकवायला कोणी न उरल्यामुळे विसरल्याही गेल्या.

या सगळ्याची गणती ‘प्रभावांका’त होत असे. एखाद्या शोधनिबंधावर पुढचे किती निबंध टेकले आहेत आणि त्यांच्यावर आणखी किती, हे जागतिक प्रभावमापन मंडळाचे गणकयंत्र दरवर्षी मोजी. त्यावर पदे ठरत, अनुदाने ठरत आणि कोणाच्या निबंधाची परीक्षा कोणी करावी तेही ठरे. सूक्ष्मद्रव्याच्या क्षेत्रात बाईंचा प्रभावांक गेली कित्येक वर्षे पहिला होता. त्यांच्यानंतरचे नाव इतके खाली होते की मधली जागा रिकामीच दिसे.

त्या वर्षीचा निकाल आला आणि संचालक डॉ. श्रीनिवास गंधे यांनी दालनात पेढे वाटायला घेतले. त्याच वेळी डॉ. चेतन मडावी सुटीवरून परतले. बाईंच्या हाताखालचे हे तरुण शास्त्रज्ञ यवतमाळकडच्या वरोळी गावचे. त्यांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही. पिशवीतून पाण्याची एक बाटली काढून त्यांनी ती बाईंच्या मेजावर ठेवली.

त्यांच्या भाचीचे, सुरभीचे, दुधाचे दात पडून पुढचे नवे दात आले होते, आणि त्यांवर तपकिरी पट्टे होते. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे तसेच. दंतवैद्याने चहाला दोष दिला, मग दंतमंजनाला दिला. पाण्याला द्यायची सोय नव्हती, कारण नळाला शोषमण्यांची गाळणी होती आणि तिच्यावरचा जलसाक्षी हिरवा दिवा दाखवत होता. चेतनची बहीण वनिता हे सांगून सांगून थकली होती. निघताना तिने भावाला दारातच गाठले होते.

“तुह्या बाईचं यंत्र म्हणते पाणी चांगलं हाय,” ती म्हणाली होती, “मंग त्या यंत्राले आन माह्या पोरीले एकाच नळाचं पाणी पाज, आन पाह्य कोनाचे दात राह्यतेत ते.”

बाईंनी हे ऐकले आणि बाटली उजेडाकडे धरली. पाणी स्वच्छ होते. त्यांनी जलसाक्षी बुडवला; हिरवा दिवा लागला. त्या उठल्या आणि रसायनांच्या खोलीत जाऊन बऱ्याच वेळाने एक लाल द्राव घेऊन आल्या. त्यांच्या विद्यार्थिदशेत फ्लोराइड ओळखायची ही रीत होती: विशिष्ट धातूचा क्षार आणि मंजिष्ठेतल्या रंगद्रव्याचा भाऊबंद असा एक रंग एकत्र केला की लाल द्राव होतो, पाण्यातले फ्लोराइड तो धातू हिसकावून घेते आणि लाली उतरून पिवळेपणा येतो. बाईंनी वरोळीच्या पाण्यात चार थेंब सोडले. लाल रंग क्षणभर टिकला आणि मग पिकल्या पानासारखा पिवळा पडला.

“जलसाक्षी बिघडलाय,” चेतन म्हणाले.

“दुसरा लाव.”

दुसरा लावला, तिसरा लावला. सगळे हिरवे. मग चेतननी ऊर्ध्वपातित पाण्यात, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेल्या निखळ पाण्यात, हाताने फ्लोराइड घातले. सगळे जलसाक्षी एका क्षणात लाल झाले. मण्यांनीही ते फ्लोराइड चाटूनपुसून घेतले. मग तसेच फ्लोराइड घातलेल्या नव्या पाण्यात त्यांनी वरोळीच्या जमिनीतले क्षार मिसळले. दिवे एकेक करत हिरवे झाले.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना जे कळले ते चेतनना कळायला थोडा वेळ लागला.

शोषमणी दोन प्रकारे घडवता येई. नुसत्या द्रावातून त्याला आपसूक जन्मू दिले तर सबंध हिवाळा जाई. पण तयार मण्यांचा एक चमचा त्यात घातला तर ते बीज धरून नवे मणी दिवसभरात वाढत, आणि बीजाच्या छिद्रांची घडण जशीच्या तशी उचलत. प्रयोगशाळेतली मुले या बीजाला विरजणच म्हणत. विरजण मागायला आलेल्याला रित्या हाताने पाठवू नये, या घरच्या वळणाने वाढलेल्या बाईंनी जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेला कधी नाही म्हटले नव्हते. प्रत्येक घाणा तयार झाला की त्याची ‘निर्मलजल कसोटी’ होई, आणि जो घाणा सर्वांत जलद फ्लोराइड शोषी तोच पुढचे बीज ठरे. ही कसोटी बाईंनीच आपल्या पहिल्या निबंधात लिहून ठेवली होती. ती ऊर्ध्वपातित पाण्यात घ्यायची, म्हणजे सगळीकडे निकाल सारखे येतील.

“त्या पाण्यात फ्लोराइडखेरीज पकडण्यासारखे काही नसतेच, चेतन,” बाई म्हणाल्या. “मग ओळखायची गरज काय? ज्या मण्यात चोखंदळपणा होता तो पारखून घ्यायचा, म्हणून जरा हळू चालायचा. आपण दर खेपेला त्यालाच मागे टाकत आलो. आता उरलाय तो दिसेल ते गिळणारा. विहिरीच्या पाण्यात आधी क्षार दिसतात, ते खाऊन त्याचे पोट भरते.”

“आणि गाळणीतला मणी तोच, जलसाक्षीतला मणीही तोच,” चेतन सावकाश म्हणाले. “म्हणजे चोराच्या सख्ख्या भावालाच आपण साक्षीदार म्हणून उभा केला.” थोडे थांबून ते पुढे बोलले, “गावाकडं अशी जनावरं असतात बाई. गोठ्यातच वाढलेली. दाव्याला बांधली की भरपूर दूध देतात. रानात सोडली की वाट चुकतात.”

बाईंना राग आला तो प्रथम स्वतःचा. परंतु रागावून बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. दोघांनी मिळून निबंध लिहिला, रंगपरीक्षेसह सगळे पुरावे जोडले आणि मंडळाकडे धाडला. नियमाप्रमाणे परीक्षक त्या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या प्रभावांकांतून निवडले गेले. ते तिघेही बाईंच्या शिष्यांचे शिष्य निघाले, कारण त्या परंपरेबाहेर मोठा प्रभावांक कोणाचा उरलाच नव्हता. तिघांनी अत्यंत प्रामाणिकपणे आपापल्या प्रयोगशाळेत मणी तपासले. कसे तपासले? निर्मलजल कसोटीने. तिघांनीही कळवले की मणी उत्कृष्ट आहेत, पूर्वीपेक्षाही सरस आहेत. आणि सादर केलेली रंगपरीक्षा ग्राह्य धरता येत नाही, कारण तिचा प्रभावांक शून्य आहे.

तो अभिप्राय बाईंनी घडी घालून हातात घेतला. आयुष्यभर ज्यांनी आवाज चढवला नाही त्या बाई तडक गंध्यांच्या खोलीत गेल्या. गंधे मुळात वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी बाईंना बसायला सांगितले, चहा मागवला आणि हसून समजूत घातली. जगाने डोक्यावर घेतलेल्या माणसाने उतारवयात स्वतःच्याच कामात खोट काढावी हा विनय फार झाला, असे त्यांचे म्हणणे.

“बाई, तुमच्याच कसोटीला तुमचाच मणी पहिला आला,” ते म्हणाले. “पोर पहिलं आलं म्हणून रडणारी आई मी आजच पाहतोय.”

“पेपर मीच फोडला होता, गंधे,” बाई म्हणाल्या. “वरोळीत जाऊन एका मुलीला हसायला सांगा. मग माझ्याशी विनयाविषयी बोला.”

गंध्यांनी सांगितले की वैयक्तिक उदाहरणे हा पुरावा होत नाही. जलसाक्षींची आकडेवारी आहे, कोट्यवधी नोंदींची आहे. त्या आकडेवारीत असे एकही गाव नाही.

बाई तशाच उठून आल्या. ज्या यंत्राला पाणी ओळखता येत नाही त्याच्या कोट्यवधी नोंदी पुढे करून एका मुलीचे दात खोटे पाडायचे, आणि याला शास्त्र म्हणायचे, हे त्यांना सोसेना. शास्त्र हा शब्द त्यांनी देवघरातल्या शब्दांसारखा जपला होता.

त्यांच्या हाती आता एकच अधिकार होता, तो त्यांनी वापरला. लेखकाला आपला निबंध मागे घेता येतो. बाईंनी आपला पहिला, मूळ निबंध मागे घेतला. त्यावर टेकलेले सगळे निबंध, त्यांवर टेकलेले आणखी, एका दिवसात अधांतरी झाले. प्रयोगशाळांनी घाईघाईने जुनी बीजे फेकून दिली, कारण त्यांच्यावरचे काम आता कोणी छापणार नव्हते. बाईंना फोन येत, शिव्याही येत. कुणाची पदोन्नती अडली होती, कुणाचे केंद्र बंद पडले होते. मुलांच्या दातांविषयी विचारायला मात्र कोणाचा फोन आला नाही.

तेवढ्या अवधीत बाई आणि चेतन वरोळीत ठाण मांडून बसले. शाळेच्या पडवीत त्यांनी काचेच्या बरण्या मांडल्या आणि बीज न घालता, वरोळीच्याच पाण्यात, मणी आपसूक जन्मू दिले. हिवाळा सरेपर्यंत थांबावे लागले. मग त्या मण्यांतून गाळलेल्या पाण्यात वनितानेच लाल थेंब सोडले. लाली उतरली नाही.

“सुरभीचे आलेले दात काई धुऊन निघनार नाई,” वनिता म्हणाली. “पन तिच्या बारक्या बहिनीचे आजून यायचे हायेत.”

बाईंना वाटले, काम झाले.

आणि मग जे घडले त्याची त्यांनी कल्पनाही केली नव्हती. मंडळाच्या गणकयंत्राने वार्षिक गणना केली. निबंध मागे घेतल्यामुळे जगभर जे जे काम पुन्हा करावे लागणार होते, ते सगळे त्या माघारीवर टेकलेले होते. एवढा प्रभावांक यंत्राने आजवर कधीच काढला नव्हता. चूक जितकी खोलवर पोचली होती तितकी दुरुस्ती थोर ठरली. काल शिव्या देणारे आज ‘ऐतिहासिक’ म्हणू लागले. मंडळाने बाईंना महासन्मान जाहीर केला, तिघा परीक्षकांनी अभिनंदनाचे संदेश पाठवले, आणि स्वतः अध्यक्ष नागपुरात येऊन सन्मान देणार असे ठरले.

गंध्यांनी आनंदाने सगळी योजना सांगितली. वरोळीचे बीज संस्थेच्या मातृकुंभात वाढवायचे आणि सोहळ्यात ते देशोदेशीच्या प्रतिनिधींच्या हाती द्यायचे. यापुढे निर्मलजल कसोटी रद्द. तिच्या जागी ‘वरोळी कसोटी’. वरोळीचे पाणी जसेच्या तसे कारखान्यात बनवून जगभर पुरवायचे, आणि ज्याचा मणी त्या पाण्यात सर्वांत जलद चालेल त्याचे बीज पुढे न्यायचे.

चेतनना अभिमान वाटला, आणि त्यात गैर काय? नकाशावर ज्याच्या नावाचा ठिपकाही नव्हता ते त्यांचे गाव उद्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येणार होते. त्यांनी बहिणीला कळवलेही होते. तिने उलट विचारले होते की त्या पुस्तकात गावाचा रस्ताबी दाखवतेत काय, असला तर. हे सांगताना चेतन हसत होते. बाई हसल्या नाहीत.

“मारवाडातल्या विहिरीला वरोळीचे पाणी आहे का रे?” त्यांनी विचारले.

चेतनचे हसू मावळले. मारवाडचे क्षार वेगळे, आफ्रिकेतल्या सरोवराकाठचे वेगळे, पलीकडच्या तालुक्यातले सुद्धा वेगळे. मणी आता वरोळीच्या पाण्यासाठी वेचला जाईल. पिढ्यामागून पिढ्या, अधिकाधिक जलद. आणि बाकी सगळ्या विहिरींवर जलसाक्षीचे हिरवे दिवे लागतील.

“कसोटी बदलून काय होणार?” बाई म्हणाल्या. “सगळे एकाच हाताकडे बघतात, हा रोग आहे. तो हात माझा आहे.”

त्यांनी गंध्यांना सारे समजावले. गंध्यांना ते पटलेही असावे, कारण त्यांनी नजर टाळली. पण प्रत्येक गावाने आपल्या पाण्यात हिवाळाभर मणी जन्माला घालत बसायचे, तर एकाचा निकाल दुसऱ्याशी कसा ताडायचा? प्रभावांक कसा काढायचा? शिवाय बीज संस्थेच्या मालकीचे होते. ते द्यायचे की नाही हे बाईंनी ठरवायचे नव्हते.

सोहळ्याच्या दिवशी सकाळी पाहुणे सभागृहात जमत होते. बाई धुवट सुती साडी नेसून मधल्या दालनात आल्या. मातृकुंभात वरोळीचे बीज वाढून तयार होते. चेतन आधीच तिथे उभे होते. मण्याला एकच भय असते: पाणी आटवून कोरडा तापवला की त्याची छिद्रे कायमची मिटतात. बाईंनी ढवळणारे यंत्र थांबवले, पाणी सोडून दिले आणि तापकाची कळ फिरवायला हात पुढे केला.

“बाई, मी करतो,” चेतन म्हणाले.

“नको. तुला अजून नोकरी करायची आहे. तू जा, तिथे पुढच्या रांगेत बस.”

चेतन गेले नाहीत. त्यांनी कुंभाचे झाकण दोन्ही हातांनी उचलून धरले. बाईंनी कळ फिरवली. तळाचा निळसर साका हळूहळू पांढरा पडला, भेगाळला आणि त्याची राखेसारखी भुकटी झाली.

त्यानंतर बाई सभागृहात गेल्या. अध्यक्षांनी शाल पुढे केली, ती त्यांनी हात जोडून परत केली. जमलेल्यांना त्यांनी थोडक्यात सांगितले: देण्यासारखे बीज आता या जगात कोणाकडेही नाही, वरोळीकडे आहे ते फक्त वरोळीचे. प्रत्येकाने आपल्या पाण्यात आपला मणी वाढवावा, जुन्या लाल रंगाने तो आपल्याच पाण्यात तपासावा, आणि शेजारच्या गावाला बीज देऊ नये, त्यांनी मागितले तरी. सारी कृती त्यांनी तिथेच तोंडी सांगितली. ती इतकी सोपी होती की ऐकणाऱ्या पंडितांना तो आपला अपमान वाटला. मागच्या रांगेतून कोणीतरी ‘उद्दाम म्हातारी’ म्हणाले. बाईंनी ते ऐकले आणि त्या व्यासपीठावरून उतरल्या.

संस्थेने दोघांना कामावरून काढले. मंडळाने निषेधाचा ठराव केला. आणि मण्यांची निकड थांबेना, तेव्हा निरुपायाने माणसे आपापल्या विहिरीशी बरण्या मांडू लागली. हिवाळे गेले. गावोगाव मणी जन्मले: कुठे पिवळसर, कुठे करडे, कोणाचा कोणाशी मेळ नाही, आणि प्रत्येक जण आपल्या पाण्यात तरबेज. कोणी निबंध लिहिले नाहीत. लिहिले असते तरी कोणाच्या निबंधावर टेकायचे? मागे घेतलेल्या निबंधाचा हवाला देता येत नाही, आणि तोंडी सांगितलेल्या कृतीला क्रमांक नसतो. जिथे लाली उतरत नाही तिथे प्यायचे आणि उतरते तिथे थांबायचे, एवढेच माणसांना ठाऊक होते.

मग एका वर्षी मंडळाच्या गणकयंत्राने सूक्ष्मद्रव्याच्या क्षेत्राची गणना करून डॉ. मृण्मयी काळमेघ या नावापुढे शेरा मारला: ‘प्रभाव आढळत नाही.’ यंत्राने नेहमीप्रमाणे अचूक मोजले होते. त्यांच्यावर आता कोणीच टेकलेले नव्हते. चेतननी तो शेरा वरोळीला येऊन दाखवला तेव्हा तिथेच राहायला गेलेल्या बाई पडवीत दाणे निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि प्रथमच त्या यंत्राने आपले काहीतरी बरोबर मोजले, असे म्हणून सूप पुन्हा पुढे ओढले.

ज्यांची नावे त्यांना कधी कळली नाहीत आणि ज्यांना त्यांचे नाव कधी कळले नाही, अशा सगळ्यांच्या ओंजळीतले पाणी निर्मळ राहो. ज्यांनी मोजण्याच्या नादात पाहायचे सोडले त्यांनाही दृष्टी लाभो. आणि आपले काम आपल्या हाताने मावळवणाऱ्यांना शांत झोप लागो.